पाल्याआधीचा गुलाब

पुण्या-मुंबईकडून लग्न होऊन जबलपूरला आलेल्या मुलीच्या कानावर डिसेंबरात शेजारणीचे वाक्य पडते, ‘आज रात पाला पड़ेगा.’ तिला वाटते, झाडांची पाने गळणार. मराठीत पाला म्हणजे पानेच! हिंदीत मात्र पाला म्हणजे कडाक्याच्या रात्री गोठलेले दव. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर पांढरी साय धरल्याची छायाचित्रे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, तोच हा प्रकार. जबलपूरचा वाटाणा पिकवणारा शेतकरी या शब्दाने जितका धास्तावतो, तितकीच अंगणात गुलाब लावलेली गृहिणीही. कारण गुलाबाचा पहिला बहर आणि पाला दोघेही इथे एकाच सुमारास दारात येतात.

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांतले चित्र याच्या अगदी उलट असते. तिथे हिवाळा सरताना छाटणी, जूनमध्ये बहर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगामातली शेवटची चार फुले. मग पाला पडतो आणि झाड झोपी जाते. जबलपूरला उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा फुले लहान व फिकट होतात. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात. खरा बहर येतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, डिसेंबरात. तिकडचा पाला नाटक संपल्यावर पडद्यासारखा पडतो, इकडे तो ऐन पहिल्या अंकात रंगमंचावर येतो.

म्हणूनच परदेशी पुस्तकातले वेळापत्रक इथे उपयोगी पडत नाही. ही गोष्ट भारतीय बागप्रेमींना नीट समजावून दिली ती डॉ. बी. पी. पाल यांनी. गव्हाचे नामवंत संशोधक आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. पाल गुलाबाचेही तितकेच वेडे होते. आपल्या हवेत फुलतील अशा अनेक जाती त्यांनी स्वतः तयार केल्या आणि १९६६ मध्ये ‘द रोज इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला.

न झोपणारे झाड

जबलपुरात पारा इंग्लंडइतका कधीच उतरत नाही, मग इथल्या गुलाबाला पाल्याचे एवढे भय का? उत्तर झाडाच्या कुळात आहे. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. आपल्याकडचा अत्तर-गुलकंदाचा चैती गुलाबही त्याच स्वभावाचा. वर्षभर पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण युरोपात गेला तो चीनच्या गुलाबांबरोबर, अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्या संकरांतून पुढे ‘हायब्रिड टी’ हा वर्ग तयार झाला. १८६७ चा ‘ला फ्रान्स’ हा त्यातला पहिला मानला जातो. आज रोपवाटिकेत मिळणारी लांब देठाची, मोठ्या फुलाची बहुतेक झाडे याच वर्गातली.

अशा झाडाला थोडी ऊब मिळाली की ते कोंब फोडते. तिकडे पाला येईपर्यंत हवा हळूहळू गार होत जाते, वाढ थांबते, काड्या पक्क्या होतात. इकडे छाटणीनंतरचे लालसर, लुसलुशीत कोंब आणि टपोऱ्या कळ्या ऐन भरात असतात. जुनी काडी पाल्याने सहसा मरत नाही. जातात ते हे कोवळे शेंडे आणि त्यांच्यावरच्या कळ्या. दोन महिन्यांची मेहनत एका रात्रीत काळवंडते.

आणि तरीही हीच थंडी फुलाला रूप देते. गार रात्रींमुळे लाल-गुलाबी रंग गडद होतात, पाकळ्या सावकाश उलगडतात आणि एप्रिलमध्ये दुपारपर्यंत कोमेजणारे फूल डिसेंबरात कितीतरी दिवस झाडावर टिकते. म्हणजे थंडी हवी, पण पाला नको. हा मेळ घालण्यातच जबलपूरच्या बागेचे सारे कौशल्य आहे.

छाटणीचा हिशेब

छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. ऑक्टोबरच्या मध्याला कात्री चालवली तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बहर येतो आणि डिसेंबरअखेर ते जानेवारी या पाल्याच्या मुख्य काळाआधी फुले हाती लागतात. चूक होते ती दिवाळीमुळे. घराची साफसफाई, फराळ, पाहुणे यांत ‘आता दिवाळी झाल्यावरच’ असे म्हणत छाटणी नोव्हेंबरच्या मध्यावर जाते. मग कळ्या धरतात त्या नेमक्या जानेवारीत. दिवाळीची तारीख मागेपुढे होते, थंडी मात्र त्यासाठी थांबत नाही.

झाडे आठ-दहा असतील तर सर्वांची छाटणी एकाच दिवशी करू नये. निम्मी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि निम्मी पंधरा दिवसांनी छाटावीत. बहर लांबतो आणि एखाद्या वाईट रात्री सगळेच हातचे जात नाही. छाटणी राहूनच गेली असेल, तर नोव्हेंबरअखेर खोल छाटणी करू नये. फक्त सुकलेली फुले व वाळक्या काड्या काढाव्यात.

छाटणीनंतर शेणखत व कडुनिंबाची पेंड द्यावी. युरियासारखे नत्रखत नोव्हेंबर संपण्यापूर्वी बंद करावे, कारण त्याने कोवळी वाढ होते आणि पाल्याचा पहिला घास तीच असते. हिवाळ्यात जबलपूरच्या घराघरांत वाटाणा सोलला जातो. त्या टरफलांचे उत्तम कंपोस्ट होते. ते पुढच्या ऑक्टोबरसाठी आतापासूनच खड्ड्यात साठवावे.

ती एक रात्र

पाला कधी पडणार हे पुष्कळदा संध्याकाळीच ओळखता येते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि सूर्य मावळताच झोंबणारी थंडी, ही त्याची लक्षणे. ढग असतील तर ते जमिनीची ऊब धरून ठेवतात; वारा असेल तर गार व उबदार हवा मिसळत राहते. दोन्ही नसले की जमिनीची उष्णता थेट आकाशात निघून जाते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर असतो. तिथे चार अंश नोंदले गेले, तरी खाली गवताजवळ पारा शून्यापर्यंत गेलेला असू शकतो. गार हवा जड असल्याने सखल जागी साचते, म्हणून टेकडीच्या उतारावरची बाग सुटते आणि खालच्या वस्तीतली सापडते.

अशा दिवशी दुपारनंतर वाफ्याला पाणी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. वाटाण्याचे शेतकरीही पाल्याच्या रात्रीआधी हलके पाणी देतात आणि वाऱ्याच्या दिशेने धूर करतात. मात्र पाणी मुळाशीच द्यावे, पानांवर शिंपडू नये. झाडाभोवती चार काठ्या रोवून वरून गोणपाट किंवा जुनी सुती साडी जमिनीपर्यंत सोडावी. कापड शेंड्यांना टेकू नये आणि सकाळी ऊन आले की काढून टाकावे. कुंड्या उचलून व्हरांड्यात किंवा दिवसभर उन्हाने तापलेल्या भिंतीशी ठेवाव्यात.

इतके करूनही शेंडे काळे पडले, तर लगेच कात्री घेऊ नये. करपलेला भाग खालच्या डोळ्यांवर पांघरुणासारखा राहतो. तो कापला की नवे कोंब फुटतात आणि पुढच्या पाल्यात सापडतात. फेब्रुवारीत थंडी ओसरल्यावर, डोळे फुगलेले दिसले की काडी निरोगी भागापर्यंत छाटावी. याच काळात पानांवर पांढरी भुरी आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, त्यावरही लक्ष ठेवावे.

फूल कोणासाठी?

पुष्कळ घरांत एक हळवी अडचण असते. फूल तोडायला मन होत नाही. झाडावरच शोभते म्हणून ते ठेवले जाते आणि सकाळी करपलेले सापडते. पाल्याची चिन्हे दिसली की संध्याकाळीच उमलू लागलेल्या कळ्या कापाव्यात. कळीची हिरवी निदले खाली वळली असतील आणि बाहेरची एक-दोन पाकळी सुटली असेल, तर ती पाण्यात नक्की उमलते. देठ तिरपा कापून लगेच बुडवावा आणि पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत. अगदी घट्ट, हिरवी कळी मात्र कापू नये. ती पाण्यात उमलत नाही, तिला साडीखालीच राहू द्यावे.

फूल कापण्यात झाडाचेही हित असते. डिसेंबरचे फूल कापले की त्याखालच्या डोळ्यातून पुन्हा काडी येते आणि थंडीमुळे थोडा उशीर लागला तरी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत दुसरा बहर मिळतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवाला तो बहुधा शेवटी शेवटी गाठतो. भोसल्यांच्या काळापासून किंवा पुढे रेल्वे व तोफखान्याच्या नोकरीनिमित्ताने इथे स्थिरावलेल्या मराठी घरांत हा सोहळा आजही होतो. तिळगुळाच्या वाटीबरोबर घरचा गुलाब हातावर ठेवला, की शेजारची हिंदी भाषक मैत्रीणही विचारते, ‘हमारे तो पाले में जल गए, आपके कैसे बच गए?’

उत्तर तिला तेव्हाच सांगावे, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात दोन्ही अंगणांत वेळेवर कात्री चालेल.