कूलर, कोरडी माती आणि घरातील जुनी वायरिंग

मार्च सरत आला की नागपुरातील घरोघरी गच्चीवरचे आणि माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या नव्या ताट्या बसतात, पंप साफ होतो. त्याच सुमारास घरातील एखादे निवृत्त गृहस्थ पेचकस आणि टेस्टर घेऊन कूलरसाठी नवा बोर्ड बसवायला घेतात. ‘आयुष्यभर घरची कामे स्वतःच केली, आता चार तारा जोडायला माणूस कशाला बोलवायचा?’ हा त्यांचा प्रश्न मी दवाखान्यात दरवर्षी ऐकतो. या सदरातून आपण रक्तदाब आणि साखरेविषयी नेहमी बोलतो. आज भिंतीच्या आत दडलेल्या तारांविषयी बोलू, कारण वृद्धांच्या घरात तोही आरोग्याचाच विषय आहे.

उन्हाळ्यातील तीन अडचणी

पहिली अडचण भाराची. महाल, इतवारी, सीताबर्डी, धंतोली या भागांतील कित्येक घरांची वायरिंग चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढ्याच हिशेबाने झालेली होती. काही ठिकाणी अजूनही लाकडी पट्टीवरून गेलेल्या तारा दिसतात. त्यांचे वेष्टण वयोमानाने कडक होते आणि वाकवताच त्याचा भुगा होतो. अशा तारांवर आज 2000 वॉटचा गिझर लागतो, जो सुमारे 9 अँपिअर वीज घेतो. त्यात एअर कंडिशनर, फ्रीज आणि मिक्सरची भर पडते. रुग्ण घरी असेल तर दिवसरात्र चालणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही असते. तार तापते, वेष्टण वितळते आणि आग लागण्याचा धोका उत्पन्न होतो.

दुसरी अडचण मातीची. अर्थिंगचे काम गळतीची वीज जमिनीत नेऊन सोडणे. त्यासाठी जमिनीत ओल हवी. आपल्या भागातील काळी माती एप्रिल-मे महिन्यांत कोरडी पडते, भेगाळते, आणि वीज जमिनीत जाण्यास होणारा विरोध वाढतो. समजा हा विरोध 50 ओहम झाला. कूलरच्या लोखंडी पत्र्यात 230 व्होल्टची वीज उतरली, तरी जमिनीत जाणारा प्रवाह जेमतेम 4.6 अँपिअर असेल. 16 अँपिअरची एमसीबी तेवढ्याने पडत नाही. कूलर चालू राहतो, हवा गार येते आणि पत्रा मात्र जिवंत असतो. जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधण्याचीही पद्धत होती. पुढे पाइप बदलून प्लास्टिकचे आले, की त्या घराचे अर्थिंग कोणाच्या लक्षात न येता नाहीसे झालेले असते.

तिसरी अडचण आपल्या त्वचेची. कोरडी त्वचा विजेला बराच अडथळा करते. घामाने किंवा पाण्याने ओली झालेली त्वचा तो फारच कमी करते. सुमारे 1 मिलीअँपिअर प्रवाहाने झिणझिण्या येतात. 10 च्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 30 च्या पुढचा प्रवाह काही क्षण छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते. तुलनेसाठी सांगतो, 9 वॉटचा साधा एलईडी दिवासुद्धा 40 मिलीअँपिअरच्या आसपास वीज घेतो. जीव घ्यायला फार मोठी वीज लागत नाही.

भार सर्वाधिक, जमीन सर्वांत कोरडी आणि अंग सर्वांत ओले, हे तिन्ही योग नागपुरात नेमके मे महिन्यात जुळून येतात. कूलरमध्ये पाणी भरताना होणाऱ्या दुर्घटनांच्या बातम्या म्हणूनच त्या दिवसांत वाचायला मिळतात.

झिणझिण्या कशाच्या?

मधुमेह असलेल्या वृद्धांच्या हातापायांत झिणझिण्या येतात, हे घरातील सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे आजी ‘हाताला मुंग्या येतात’ म्हणाल्या, की आपण ती साखरेची तक्रार समजतो. अशा वेळी मी एक प्रश्न अवश्य विचारतो : मुंग्या केव्हा येतात? मधुमेहाच्या मुंग्या बहुधा दोन्ही पायांत, विशेषतः रात्री जाणवतात. मात्र वॉशिंग मशीनला, कूलरला किंवा गिझरच्या नळाला हात लावल्यावरच मुंग्या येत असतील आणि हात काढताच थांबत असतील, तर रुग्णाआधी घराची तपासणी करावी. तो दिलेला इशारा आहे. ‘थोडा करंट मारतो, पायात चप्पल घालून हात लावत जा’ हा त्यावरचा उपाय नव्हे.

स्वतः काय करावे, काय करू नये

विद्युत अधिनियम 2003 खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेविषयी विनियम केले आहेत. पूर्वी 2010 चे होते, आता 2023 चे लागू आहेत. मुळातील दंडक जुनाच आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण अशी वस्तू तिच्याच जागी बदलणे घरमालकास मोकळे आहे. मूळ मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणारे काम मात्र राज्य शासनाच्या परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाप्राप्त तारतंत्र्याकडूनच करून घ्यावयाचे असते. म्हणजे बटण बदलता येईल. गिझरसाठी नवी लाइन ओढता येणार नाही. संपूर्ण घराची वायरिंग स्वतः बदलणे तर नाहीच.

नियम बाजूला ठेवला तरी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेन स्विच बंद केला म्हणजे घरातील वीज गेली, असे समजू नये. इन्व्हर्टर असलेल्या घरात काही तारा तरीही जिवंत असतात. शिवाय सत्तरीत स्टुलावर उभे राहून काम करणाऱ्याला लागलेला किरकोळ धक्काही खाली पाडतो, आणि खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरेसे असते.

मग घरच्यांनी काहीच करू नये का? करावे, आणि ते काम महत्त्वाचे आहे. घरातील सर्व उपकरणांची वॉटसह यादी करा. वीजबिलावरील मंजूर भाराशी ती ताडून पाहा. भार वाढत असेल तर महावितरणकडे रीतसर अर्ज करा. ठेकेदाराचा परवाना पाहून घ्या. आयएसआय चिन्हाचीच तार मागा. दिव्या-पंख्यांना साधारण 1.5, मोठ्या सॉकेटला 2.5 आणि गिझर किंवा एअर कंडिशनरला 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, हा सर्वसाधारण हिशेब आहे. अंतिम निर्णय तज्ज्ञाचा. काम झाल्यावर चाचणी अहवाल लेखी घ्या आणि त्यात अर्थिंगचे मोजमाप आहे का, ते पाहा.

सर्वांत आग्रहाने मागावयाची वस्तू म्हणजे 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी. जाणारी आणि परत येणारी वीज यांत फरक पडताच ती क्षणार्धात पुरवठा तोडते. वर सांगितलेली 4.6 अँपिअरची गळती एमसीबीला कळत नाही, हिला तत्काळ कळते. तिच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. त्या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही, ती वेगळी करावी लागते. तसेच एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत आल्यास ही पेटीही वाचवीलच असे नाही.

रुग्णाची खोली

वायरिंग नव्याने होणारच असेल, तर वृद्धांच्या सोयीचा विचार त्याच वेळी करावा. दिव्याचे बटण पलंगावरून हात पोचेल असे असावे. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा हवा. सॉकेट वाकावे लागणार नाही इतक्या उंचीवर आणि पुरेसे असावेत. जमिनीवरून गेलेली एक्स्टेंशन कॉर्ड पाय अडकवते. कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन किंवा हवेची गादी असेल तर त्यांच्यासाठी स्वतंत्र सॉकेट आणि पुरेशा क्षमतेचा इन्व्हर्टर ठेवावा. काम सुरू असताना वीज किती तास बंद राहील ते आधी विचारून भरलेले सिलिंडर जवळ ठेवावे. भिंतीत झिरी मारताना उडणारी धूळ दमेकऱ्याला सोसत नाही. ते चार दिवस रुग्णाला नातेवाइकांकडे हलवावे. हे काम दिवाळी ते होळी या काळात उरकणे उत्तम.

धक्का लागलाच तर

रुग्णाला हात लावण्याआधी मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकने त्याला तारेपासून दूर करा. 108 वर फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब देत राहा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. रुग्ण शुद्धीवर असला, तरी चक्कर, छातीत धडधड, भाजल्याची खूण किंवा क्षणभर गेलेली शुद्ध यांपैकी काहीही असल्यास रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. हृदयविकाराच्या रुग्णाने तर अवश्य. त्वचेवरची खूण वाटाण्याएवढी असली तरी आतील स्नायू भाजलेले असू शकतात. लघवी चहासारखी गडद झाली तर मूत्रपिंडाला धोका आहे असे समजून विलंब करू नये.

कूलर खाली काढण्याआधी या पंधरवड्यात एवढे करा : आरसीसीबी आहे का ते पाहा, असल्यास तिचे बटण दाबून बघा आणि अर्थिंग मोजून घ्या. कूलर तीन पिनांच्या सॉकेटवरच लावा, आणि पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढून ठेवा. पाणी भरण्याचे काम घरातील ज्या व्यक्तीकडे आहे, मग ती सून असो, मदतनीस असो की शाळकरी नातू, तिला हे आजच समजावून सांगा.