आमच्यावर लिहिलेले प्रबंध आम्हाला वाचू द्या

बाबासाहेबांचा कोलंबियातला प्रबंध मान्य झाला, तरी पीएच.डी. पदवी हाती पडली १९२७ साली. कारण तिथला नियम होता: आधी प्रबंध छापा, प्रती विद्यापीठात जमा करा, मगच पदवी. तो ग्रंथ १९२५ साली लंडनला छापून निघाला. संशोधन लोकांसमोर आल्याशिवाय पुरे होत नाही, हा त्या नियमाचा अर्थ.

आज आपल्याकडेही नियम आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांत प्रबंधाची प्रत द्यायची होती; आता ती पदवी जाहीर होण्याआधीच द्यायची, ती 'शोधगंगा'वर सर्वांना खुली. कृषी विद्यापीठांसाठी 'कृषिकोष' आहे. मग परभणीच्या शेतमजुराच्या मुलीला हे ज्ञान मिळाले का?

नाही. मराठी प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले असतात, तिथे 'गायरान' शब्द शोधला तर काही सापडत नाही. काहींची नुसती स्कॅन केलेली पाने. शेतीचे प्रबंध बहुतेक इंग्रजीत. बौद्धवाड्यात येऊन प्रश्नावली भरून न्यायची, आम्हाला 'उत्तरदाते' म्हणायचे आणि उत्तर मात्र आमच्यापर्यंत येऊ द्यायचे नाही!

गायरानाचेच घ्या. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमानुकूल करायचे ठरले. तहसीलमध्ये आजही आमच्या माणसाला पुरावा मागतात. त्या काळात एखाद्या गावाची पाहणी कुणी प्रबंधात नोंदवली असेल, तर ती दाव्याला केवढा आधार ठरेल! पण २००९ च्या नियमाआधीचे किती प्रबंध अजून कपाटातच आहेत.

प्राध्यापक म्हणतात, प्रबंध खुला केला की चोरी होते. उलट आहे. कपाटातल्या प्रबंधाची चोरी पकडणार कोण? खुल्या प्रबंधाची चोरी कुणीही पकडू शकतो.

सरकार म्हणेल, 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी २०२५ पासून तीन वर्षांना सहा हजार कोटी दिले. दिले, पण ती नियतकालिके वाचायची सोय संस्थांच्या आत. फाटकाबाहेरच्या कार्यकर्त्याचे, शेतकऱ्याचे काय? आणि संशोधनाचा प्रभाव किती, हे कुठल्या नियतकालिकात किती संदर्भ आले यावरच मोजायचे का? एका वस्तीला सातबारा मिळाला, तो कोणत्या रकान्यात लिहायचा?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक प्रबंधासोबत साध्या मराठीत दोन पानांचा सारांश, युनिकोडमध्ये. जुने प्रबंध शोधता येतील असे डिजिटल करा. आणि ज्या गावात पाहणी केली, त्या गावच्या ग्रामसभेत निष्कर्ष वाचून दाखवा.

ही भीक नाही. विद्यापीठे जनतेच्या पैशावर चालतात. माहिती आमची, पैसा आमचा, मग प्रबंधही आमचाच.

जय भीम!