गाजरगवत उपटायचे कोणी?

पाऊस पडला की मोकळे भूखंड, शाळांची मैदाने, सोसायट्यांची कुंपणे गाजरगवताने भरून जातात. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आज देशभर माजले आहे. त्यातील पार्थेनिन या विषारी द्रव्याने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, कातडी सोलवटते. परागकणांनी शिंका व दम्याचा त्रास होतो. संपर्क वारंवार आला की त्रास बळावतो.

मग वारंवार संपर्क कोणाचा येतो? बंगलेवाल्यांचा नव्हे! ते फक्त तक्रार अर्ज देतात. गवत उपटतात आपल्याच वस्तीतल्या कंत्राटी सफाई कामगार आयाबहिणी, तेही उघड्या हातांनी.

उपाय अवघड नाही. फुले येण्याआधी, जमीन ओली असताना रोप मुळासकट उपटावे. एकेक रोप हजारो बिया टाकते, म्हणून उशीर नको. मोकळ्या जागेत टाकळा पेरला तर गाजरगवत दबते. मात्र हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडाला फडके आणि कामानंतर साबण-पाणी हवेच.

संविधानाचे कलम ४२ कामाच्या न्याय्य व मानवी परिस्थितीची तरतूद करायला राज्याला सांगते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट दावा लावता येत नाही, हे वकील म्हणून मी जाणतो. पण निविदेत हातमोज्यांची अट घालायला नगरपालिकेला कोणी अडवले आहे? कार्यकर्त्यांनो, पावसाळ्याआधी हे निवेदन द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.