रिप्लेची मुलगी

‘विज्ञानपटांत यंत्रे असतात, राक्षस असतात, माणसे कुठे असतात?’ असा प्रश्न आमच्या एका सरांनी तासाला विचारला आणि सारा वर्ग हसला. मीही हसले. पण प्रश्न मनात घोळत राहिला. त्या वेळी उत्तर सुचले नाही, म्हणून ते येथे देत आहे.

रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ १९७९ साली आला आणि त्याच कथेचा पुढचा भाग, जेम्स कॅमेरॉन यांचा ‘एलियन्स’, १९८६ साली. दोहोंची नायिका एकच : सिगर्नी वीव्हर हिने उभी केलेली रिप्ले. पहिल्या चित्रपटात तिच्या घरादाराविषयी आपल्याला काहीच कळत नाही. तरीही आपण तिला पक्के ओळखतो. कशामुळे? तोंडावर परका जीव चिकटलेल्या एका सहकाऱ्याला यानाच्या दाराशी आणले जाते. कप्तान ‘दार उघड’ म्हणतो. २४ तास विलग ठेवण्याच्या नियमावर बोट ठेवून रिप्ले नकार देते. त्या क्षणी ती निष्ठुर वाटते. दार दुसराच कोणी उघडतो आणि पुढचा संहार घडतो. हीच निष्ठुर बाई शेवटी, यानाच्या स्फोटाला काही मिनिटे उरली असताना, मांजराची पेटी मागे टाकून जात नाही. दार न उघडणे आणि मांजर न सोडणे, या दोन कृतींच्या मध्ये एक अख्खे माणूस उभे आहे.

दुसऱ्या चित्रपटात ती ५७ वर्षांच्या निद्रेनंतर जागी होते. येथे एक प्रसंग चित्रित झाला होता. तिची मुलगी अमांडा ६६ व्या वर्षी वारल्याचे तिला कळते. अकराव्या वाढदिवसाला परत येईन, असे वचन तिने त्या मुलीला दिले होते. १३७ मिनिटांच्या प्रदर्शित चित्रपटातून हा प्रसंग कापला गेला. पुढे १५४ मिनिटांच्या आवृत्तीत तो परत घातला. माझी खोलीतली मैत्रीण म्हणते, या प्रसंगामुळेच रिप्लेला खोली आली. माझे मत नेमके उलट आहे.

उद्ध्वस्त वसाहतीत न्यूट नावाची एकच मुलगी जिवंत सापडते. रिप्ले तिचा मळलेला चेहरा पुसते. तुला सोडून जाणार नाही, असे वचन देते. मुलगी पळवली जाते, तेव्हा ती एकटी त्या जिवांच्या बिळात उतरते. समोर त्यांची राणी, भोवती तिची अंडी. रिप्ले आगीची नळी अंड्यांकडे वळवते. राणी आपल्या रक्षकांना मागे सारते. दोघींत एका शब्दावाचून करार होतो. इतक्यात एक अंडे उघडते आणि रिप्ले करार मोडून सारी अंडी जाळून टाकते. पहिल्या चित्रपटात नियमाला घट्ट धरून राहिलेली हीच ती बाई! आपल्याला तिचा अभिमान वाटतो आणि थोडी भीतीही वाटते.

आता अमांडाची हकीगत आधी सांगून टाका. लगेच आपण म्हणू, ‘बिचारीची मुलगी गेली ना, म्हणून!’ त्या ‘म्हणून’पाशी विचार थांबतो. न्यूट ही न्यूट राहत नाही, दुसऱ्या कुणाच्या जागी बसवलेली मुलगी होते. म्हाताऱ्या लेकीचे छायाचित्र पाहणारी वीव्हर अप्रतिम आहे, हे मी नाकारीत नाही. पण पात्राचा पूर्वेतिहास म्हणजे पात्राची खोली नव्हे.

हे मी शहाणपणा मिरवण्यासाठी सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्या एकांकिकेत मी आईचे काम केले. प्रेक्षकांना कळावे म्हणून शेवटी वारलेल्या मुलाविषयी दीड पानाचे स्वगत घातले. टाळ्याही पडल्या. तालमीत मात्र त्या जागी मी नुसती त्याची चप्पल उचलून कोपऱ्यात नीट ठेवीत असे, आणि नंतर बराच वेळ आमच्यापैकी कोणी बोलत नसे. ती शांतता मी टाळ्यांसाठी विकली.

यंदा तीच एकांकिका पुन्हा करीत आहोत. स्वगत काढले आहे, चप्पल ठेवली आहे. सरांनी प्रयोगाला अवश्य यावे.