स्वस्तातले बगदाद

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. मराठवाड्याचा हा भाग एके काळी हैदराबाद संस्थानाचा. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले आणि १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत त्याचे तीन तुकडे होऊन ते तीन राज्यांत गेले. सरकारी दप्तरातली हद्द अशी बदलत गेली. चित्रपट व्यवसायाने मात्र ती कधीच बदलली नाही. मुंबईचा निर्माता आपला चित्रपट विकताना देशाचे जे विभाग पाडतो, त्यांत मराठवाडा आजही ‘निझाम’ या विभागात मोडतो. नागपूर-अमरावतीकडचा प्रदेश ‘सीपी बेरार’मध्ये, पुणे-मुंबई ‘बॉम्बे’मध्ये आणि हिंगोली, परभणी, नांदेड हैदराबादच्या खात्यावर.

ही वाटणी केवळ हिशेबाची नव्हती. कोणता चित्रपट कुठे, किती उशिरा आणि किती झिजलेल्या प्रतीतून पोहोचणार, हे तिच्यावर ठरत असे. नवा चित्रपट आधी मोठ्या शहरांत लागायचा, तिथे उतरल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी आणि शेवटी तालुक्याच्या गावी किंवा जत्रेतल्या तंबूत. व्यवसायाच्या भाषेत ही ए, बी आणि सी केंद्रे. सी केंद्रावरचे तिकीट स्वस्त असल्यामुळे निर्मात्याच्या हाती तिथून येणारा पैसाही थोडा. पण अशी केंद्रे संख्येने अफाट होती, आणि केवळ त्यांच्या जोरावर खर्च भरून काढणारा चित्रपटांचा एक वर्ग तयार झाला. पोथीतले देव, चाबूक चालवणारी नायिका, तलवारबाज, पैलवान आणि अरबस्तानातले जादूगार ही त्याची सामग्री. समीक्षकांनी त्याला ‘स्टंटपट’ म्हणून बाजूला सारले.

यातले अरबी कथांचे चित्रपट समजून घ्यायचे, तर आधी थोडे इटलीकडे पाहावे लागेल. कारण १९५०-६० च्या दशकांत रोममध्येही जवळपास तसाच उद्योग जोरात चालू होता.

१९५५ साली इटलीत ८१ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. तो तिथल्या चित्रपटगृहांचा कळस होता. तिकडेही पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची चित्रपटगृहे अशी उतरंड होती. तिसऱ्या फेरीची चित्रपटगृहे खेड्यापाड्यांत आणि कामगारवस्त्यांत असत. १९५८ मध्ये दिग्दर्शक पिएत्रो फ्रान्चिस्की यांचा हर्क्युलिसवरचा चित्रपट आला. नायक स्टीव्ह रीव्ह्ज हा अमेरिकी शरीरसौष्ठवपटू होता, १९४७ चा ‘मिस्टर अमेरिका’. जोसेफ लेव्हिन या वितरकाने चित्रपटाचे अमेरिकी हक्क किरकोळ किमतीला घेतले, जाहिरातीवर मात्र पाण्यासारखा पैसा ओतला. चित्रपट तुफान चालला. पुढची सहा-सात वर्षे रोमच्या स्टुडिओंतून तलवार, चपला आणि पिळदार दंड यांचे चित्रपट एकामागून एक बाहेर पडत राहिले. प्राचीन ग्रीक स्त्रियांच्या अंगरख्याच्या नावावरून फ्रेंच समीक्षकांनी त्यांना ‘पेप्लम’ म्हटले, तेही नाक मुरडून.

ग्रीस आणि रोमच्या कथा वापरून गुळगुळीत झाल्या, तेव्हा निर्माते बगदादकडे वळले. १९६१ मध्ये रीव्ह्जलाच घेऊन ‘बगदादचा चोर’ आला. त्याच वर्षी अल्लाउद्दीनवरचा चित्रपट आला, आणि त्यात दिव्यातला जिन होते वास्तववादी चित्रपटांचे थोर दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका. दोन्हींचे बाह्यचित्रण ट्युनिशियात झाले. ऊन, वाळू आणि जुनी तटबंदी तिथे आयतीच होती. मागोमाग अलीबाबा, सिंदबाद आणि अंतार यांच्यावरचे आणखी स्वस्त चित्रपट आले.

यात पैसा वाचे कुठे, हे पाहण्यासारखे आहे. मोठ्या चित्रपटासाठी उभारलेला राजवाडा पाडण्याआधी त्यात दोन-तीन छोटे चित्रपट उरकून घेतले जात. कपडे, रथ, ढाली भाड्याने मिळत. संवाद चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रित होतच नसत. नंतर हव्या त्या भाषेत चढवले जात. त्यामुळे नट कोणत्या देशाचा आहे याला महत्त्व उरले नाही, आणि रीव्ह्जचा आवाज इंग्रजी आवृत्तीतही दुसऱ्याच कोणाचा होता. अमेरिकी नावावर चित्रपट विकला जातो म्हटल्यावर इटालियन नटांनीही अमेरिकी नावे घेतली. ‘अंतार’चा नायक कर्क मॉरिस हा मुळात व्हेनिसचा आद्रियानो बेल्लिनी; पडद्यावर येण्याआधी तो तिथल्या कालव्यांत नाव वल्हवत असे.

आता मुंबईकडे येऊ. इथला बगदाद इटलीहून आलेला नाही, तो कितीतरी आधीचा आहे. मराठी वाचकाला तर तो एकोणिसाव्या शतकापासून ओळखीचा: कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेला ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हा अनुवाद पुढे विष्णुशास्त्र्यांनी नेटाने चालू ठेवला. हातिमताई आणि गुलबकावली यांच्या स्वस्त पुस्तकांनी घराघरांत हजेरी लावली. पारशी रंगभूमीने याच कथा उर्दू संवादांत आणि पडद्यांच्या झगमगाटात रंगवल्या. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ हा जोसेफ डेव्हिड यांच्या अशाच एका नाटकावरून घेतलेला होता आणि त्याचे नायक होते मूकपटांतले मराठमोळे तलवारबाज मास्टर विठ्ठल. १९३३ मध्ये जेबीएच आणि होमी या वाडिया बंधूंनी ‘वाडिया मुव्हीटोन’ काढली, तेव्हा त्यांचा पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’ याच डेव्हिड यांनी लिहिला.

होमी वाडियांनी पुढे ‘बसंत पिक्चर्स’च्या नावाने स्वतंत्र वाट धरली. चेंबूरच्या स्टुडिओत त्यांनी ‘अल्लाउद्दीन’ (१९५२), ‘अलीबाबा और चालीस चोर’ (१९५४) आणि ‘हातिमताई’ (१९५६) हे चित्रपट बनवले. नानाभाई भट्ट यांचा ‘सिंदबाद’ही १९५२ चाच. इटालियन हर्क्युलिसने अजून दंड थोपटले नव्हते तेव्हाचे हे सारे. इटलीची सावली दिसते ती नंतर. १९६२ च्या ‘किंग काँग’पासून दारासिंग नायक झाले; पाठोपाठ ‘फौलाद’, ‘सॅमसन’, ‘हर्क्युलिस’ आले. ही शेवटची दोन नावे कुठून आली हे सांगायला नको. ‘किंग काँग’ मात्र वानर नव्हे. त्या नावाचा एक महाकाय परदेशी मल्ल तेव्हा भारतातल्या कुस्त्यांमध्ये गाजत होता. निर्मात्यांनी आखाड्यातली कुस्ती पडद्यावर आणली, इतकेच.

मुंबईला ट्युनिशिया परवडणारे नव्हते. सगळे अरबस्तान चुना, बांबू, गोणपाट आणि रंगवलेल्या पडद्यांतून उभे राहायचे. कच्ची फिल्म परदेशातून यायची, त्यामुळे एक दृश्य पुन्हा पुन्हा घेणे म्हणजे चैन. अशा वेळी चमत्कार दाखवायचा कसा? याचे उत्तर मुख्यतः एका माणसाने दिले: सुरतेहून मुंबईत आलेले बाबुभाई मिस्त्री. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये अदृश्य माणूस दाखवण्यासाठी त्यांनी काळ्या पडद्यासमोर वस्तू काळ्या दोऱ्याने हलवल्या. काळ्यावर काळे कॅमेऱ्याला दिसत नाही. दिसते ती फक्त हवेत तरंगणारी वस्तू. तेव्हापासून व्यवसायात ते ‘काला धागा’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

बाकीच्या युक्त्याही अशाच हाताने करायच्या. फिल्मच्या एकाच तुकड्यावर दोनदा चित्रण करायचे: पहिल्या वेळी चौकटीचा अर्धा भाग झाकून माणूस, दुसऱ्या वेळी उरलेला भाग झाकून राक्षस. दोन्ही मिळून एका चौकटीत बुटका नायक आणि ताडमाड जिन उभे राहतात. कॅमेरा थांबवून माणसाला बाजूला केले आणि पुन्हा सुरू केला की माणूस गायब. राजवाड्याचा वरचा भाग काचेवर रंगवून ती काच कॅमेऱ्यासमोर धरली की अर्ध्या भिंतीचा पुरा महाल होतो. उडत्या गालिच्यामागचे ढग म्हणजे पाठीमागच्या पडद्यावर टाकलेली दुसरी फिल्म. रोममध्ये छायाचित्रकार मारिओ बावा काच, आरसे आणि छोट्या प्रतिकृती घेऊन हीच कामे करत होते. पैशाची तूट डोक्याने भरून काढण्याची गरज दोघांनाही सारखीच होती. दादासाहेब फाळक्यांनी ‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’मध्ये जी विद्या वापरली, तिचे पुढचे वर्ग या स्वस्त चित्रपटांतच भरले, असे म्हणायला हरकत नाही.

या चित्रपटांतून पुढे गेलेली माणसे मोजली तर यादी लांबेल. मीनाकुमारी वाडियांच्या पौराणिक चित्रपटांत आणि ‘अल्लाउद्दीन’मध्ये होत्या, त्याच वर्षी ‘बैजू बावरा’ने त्यांना मोठे केले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा प्रदर्शित झालेला पहिला चित्रपट ‘पारसमणी’ (१९६३) हा मिस्त्रींनी दिग्दर्शित केलेला जादूपट. मुमताज दारासिंगांच्या नायिका म्हणून पुढे आल्या.

मराठी वाचकाला आणखी एक नाव चकित करील. ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर यांनी १९६३ मध्ये ‘रुस्तम सोहराब’ दिग्दर्शित केला. कथा अरबी नव्हे, इराणच्या शाहनाम्यातली. पण तलवारी, तंबू आणि चिलखते त्याच जातीची. पृथ्वीराज कपूर त्यात रुस्तम होते, संगीत सज्जाद हुसेन यांचे, आणि सुरैया यांचा तो शेवटचा चित्रपट. निर्माते एफ. यू. रामसे यांच्या मुलांनी पुढे भयपटांचा धंदा मांडला. आपल्या साहित्याच्या इतिहासात बेडेकरांची कादंबरी आणि आत्मचरित्र मानाने नोंदले जाते. हा चित्रपट क्वचितच.

आता या चित्रपटांवरच्या आक्षेपांकडे वळू, कारण ते खोटे नाहीत. पटकथा ठिसूळ, खलनायक एकरंगी, स्त्रिया बहुधा शोभेच्या. अरबस्तान म्हणून जे दिसते त्याचा खऱ्या अरब देशांशी संबंध नाही. इटालियन चित्रपटांत हा दोष अधिक खटकतो. लीबिया ही इटलीची वसाहत होती, आणि वसाहत हातची गेल्यावर दोन दशकांच्या आत त्याच किनाऱ्यालगत गोऱ्या पैलवानाने जुलमी सुलतानाला धडा शिकवण्याच्या कथा चितारल्या गेल्या. मुंबईच्या बगदादचे तसे नाही. तो दास्तान आणि पारशी नाटक यांच्या घरातला, उर्दूत बोलणारा आणि इथल्याच नटांनी वठवलेला होता. त्यात परक्याकडे बोट दाखवण्याची वृत्ती कमी आणि आपल्याच गोष्टीत रमण्याची जास्त. शिवाय वाडियांनी १९३५ मध्येच ‘हंटरवाली’त नायिका नादियाच्या हाती चाबूक दिला होता, इटालियन पैलवानपटांत बाईला अशी मध्यवर्ती जागा क्वचितच मिळाली.

मराठवाड्याच्या संदर्भात ही गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. निझामी राजवटीत शिक्षण आणि कारभार उर्दूत होता. १९४८ पूर्वी शाळेत गेलेल्या इथल्या मराठी माणसाला ‘हातिमताई’चे संवाद समजून घेण्यासाठी वेगळे कष्ट पडले नसावेत, जी भाषा त्याने कचेरीत दबून ऐकली, तीच तंबूत टाळ्या वाजवत ऐकायला मिळाली. संस्थानाच्या शेवटच्या वर्षांतल्या रझाकारी अत्याचारांच्या जखमा ओल्या असतानाच्या काळात हिंदू आणि मुसलमान प्रेक्षक एकाच सतरंजीवर बसून एकाच जिनाला घाबरत असतील, तर त्याची सामाजिक किंमत समीक्षकांच्या ताऱ्यांत मोजता येणार नाही.

हा प्रकार संपला तो व्यवसायाच्याच कारणांनी. १९६४ मध्ये सर्जिओ लिओने यांचा पहिला काउबॉयपट चालला आणि रोमचे निर्माते, घोडे आणि पैलवान एका वर्षात तिकडे वळले. मुंबईत रंगीत, मोठ्या नटांचे चित्रपट सी केंद्रांपर्यंत लवकर पोहोचू लागले; स्वस्त चित्रपटाची खास जागा आक्रसली. दारासिंग १९८७ मध्ये दूरदर्शनवर हनुमान झाले, आणि नव्वदच्या दशकात रामानंद सागरांच्या ‘अलिफ लैला’ मालिकेने तोच जिन घरात आणला.

चित्रपटांच्या प्रतींचे काय झाले? फेऱ्या संपल्यावर झिजलेली प्रत भंगारात जाई, कारण फिल्मवरच्या लेपातून चांदी काढता येते. जुनी नायट्रेट फिल्म तर आपोआप कुजते आणि भडकतेही. २००३ मध्ये पुण्यातल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह मोठा साठा नष्ट झाला. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. प्रतिष्ठित चित्रपटांची ही गत, तर स्टंटपटांची कोण फिकीर करणार?

आमचे मत असे आहे: हे चित्रपट थोर कला नव्हते, आणि त्यांना तसे ठरवण्याची गरजही नाही. पण सी केंद्रावरच्या माणसाने आपल्या तिकिटाच्या पैशांनी उभा केलेला तो सिनेमा होता, आणि ज्याने पैसे मोजले त्याच्या आवडीची नोंद इतिहासात असली पाहिजे. ती नोंद मुंबईच्या कपाटांत पुरी सापडणार नाही. ती आहे हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ इथल्या जुन्या चित्रपटगृहचालकांच्या आणि तंबूवाल्यांच्या घरात: हस्तपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका, परवाने, करमणूक कराच्या पावत्या, वितरकांशी झालेला पत्रव्यवहार. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जतन करते. ज्यांच्या माळ्यावर असे गाठोडे असेल, त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी संग्रहालयाला एक पत्र जरूर लिहावे.