चाकांवरचं घर, पण कुणाचं?

सांगलीची मैत्रीण परवा उत्साहानं सांगत होती, "व्हॅनचं घर करतोय! इंडक्शन, मिक्सर, सगळं." म्हणजे साताऱ्यापुढे कासची फुलं बघायला जाऊनही हिनं स्वयंपाकच करायचा?

जरा हिशेब करा. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तास बॅटरीत १२०० वॅट-तास वीज. साध्या बॅटरीतली निम्मीच वापरावी. २००० वॅटची शेगडी ती पंधरा-वीस मिनिटांत संपवते. २० वॅटचा पंखा रात्रभर चालतो.

मैत्रिणींनो, ओट्याची जागा छोट्या शौचालयाला मागा. प्रवासात तहान मारून बसतो त्या आपणच ना? गाडीतल्या फेरबदलाला आरटीओची मंजुरी मात्र आधी घ्या. आणि जेवण? कराडला थांबा की!