ईमान मनात, ओठांवर आणि तराजूत

मराठी माणूस 'इमान' हा शब्द रोज वापरतो. दिल्या शब्दाला जागणारा तो इमानदार, विश्वासघात करणारा तो बेइमान आणि कोणी पाहत नसतानाही मन लावून केलेले काम ते इमानेइतबारे केलेले. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत त्याचा अर्थ श्रद्धा, मराठीत तो झाला सचोटी. शेजारी आपल्या श्रद्धेची पारख कशावरून करतो, हे या एका शब्दावरून कळते. तो ती वागण्यावरून करतो.

इस्लामी विद्वानांनी ईमानची तीन अंगे सांगितली आहेत. अंतःकरणाने सत्य मानणे, जिभेने त्याची कबुली देणे आणि कृतीने ते आचरणात आणणे. अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही आणि मुहम्मद (स.) त्याचे प्रेषित आहेत, ही साक्ष म्हणजे कलमा. तो उच्चारायला क्षण पुरतो, पाळायला जन्म जातो.

पहिले अंग अंतःकरणाचे. ते फक्त अल्लाह जाणतो. एका लढाईत हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांची तलवार समोर येताच शत्रूने कलमा उच्चारला. जिवाच्या भीतीने हा तसे म्हणतो आहे, असे समजून उसामांनी त्याला ठार केले. हे कळताच प्रेषितांना अतिशय दुःख झाले. तू त्याचे काळीज चिरून पाहिले होतेस काय, असे त्यांनी उसामांना विचारले. दुसऱ्याच्या मनाचा न्यायाधीश होण्याचा अधिकार कोणालाही नाही, हा त्या प्रश्नाचा अर्थ. कोणाचे ईमान किती, याचे मोजमाप चौकाचौकांत करणाऱ्यांनी तो आठवावा.

दुसरे अंग जिभेचे. रोजा म्हणजे केवळ उपाशी राहणे नव्हे. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडावे याची अल्लाहला काहीच गरज नाही, असा सही बुखारीतील हदीसचा आशय आहे. रोजेदाराशी कोणी भांडण उकरून काढले तर आपला रोजा आहे एवढेच सांगून त्याने बाजूला व्हावे, अशीही शिकवण आहे. दिवसभर पाण्याचा थेंब न घेता संध्याकाळी मोबाइलवर आलेली अफवा चार जणांना पुढे पाठवली, तर रोजा पोटाने पाळला, जिभेने नाही. आज बोटेही जिभेचेच काम करतात.

तिसरे अंग कृतीचे, आणि त्याची परीक्षा मशिदीइतकीच बाजारातही होते. मदिनेच्या बाजारात प्रेषितांनी एकदा धान्याच्या ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. धान्य भिजले हा गुन्हा नव्हता. ते झाकले हा गुन्हा होता. कुरआनात तर मापात मारणाऱ्यांच्या नावाने एक स्वतंत्र अध्याय आहे, सूरह मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, यांची त्यात कठोर शब्दांत कानउघाडणी आहे.

कृती ही ईमानचा भाग की त्याचे फळ, यावर इमामांमध्ये मतभेद झाले. इमाम अबू हनीफा यांनी श्रद्धा आणि कबुली यांना ईमान म्हटले व कृतीला वेगळे पण अनिवार्य कर्तव्य मानले. इमाम शाफई यांनी कृतीलाही ईमानचाच भाग मानले. महाराष्ट्रात देशावरचे बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी, तर कोकण किनाऱ्यावरचे बहुतेक शाफई आहेत. पण ओले धान्य खाली दडवायला या दोन्हींपैकी कोणत्याही मतात जागा नाही.

रमजान या तिन्ही अंगांची उजळणी करून घेतो. बंद खोलीत घोटभर पाणी प्यायले तर कोणाला कळणार नाही, तरी रोजेदार पीत नाही. ही अंतःकरणाची साक्ष. राग गिळणे ही जिभेची. सालभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून अडीच टक्के जकात काढणे आणि ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या घरी फित्रा पोहोचवणे ही हाताची.

म्हणूनच काही प्रश्न स्वतःला विचारायला हवेत. इफ्तारची मेजवानी थाटात झाली, पण दुकानातल्या कामगाराचा पगार थकला आहे का? मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी प्रेषितांची शिकवण आहे. तरावीहला पहिल्या रांगेत उभे राहताना मशिदीबाहेर लावलेल्या गाडीने शेजाऱ्याचे फाटक अडवले आहे का? ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही तो मोमिन नव्हे, हे प्रेषितांनी शपथेवर सांगितले आहे, आणि शेजाऱ्याचा धर्म विचारून मग त्याचा हक्क ठरवावा, असे त्यात कुठेही नाही.

असरच्या नमाजनंतर खजूर, केळी, कलिंगडाच्या गाड्यांभोवती गर्दी होते. त्या गर्दीत रोजेदार असतात, तसे शेजारच्या आळीतले हिंदू, बौद्ध, जैन बांधवही असतात. त्यांच्यापैकी अनेकांनी कुरआन वाचलेले नसते. त्यांना दिसतो तो तराजूचा काटा, पिशवीच्या तळाशी गेलेले केळे आणि बोलण्यातला गोडवा किंवा तुसडेपणा. त्यांच्यासमोर तेवढेच इस्लामचे पान उघडलेले असते. डागी केळे वर ठेवून, तसे सांगून, कमी भावात देणारा फळवाला कोणतेही प्रवचन न देता ते पान नीट वाचून दाखवतो. मराठीने इमान या शब्दाला दिलेला अर्थ अशाच माणसांनी टिकवला आहे.